ग्लायडरच्या शर्यती, तिथले मृत्यू आणि काचेवरचा धागा

पंखपसारा (रविवार, रात्री ९:४०)

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकांना मी ग्लायडिंगबद्दल सांगत होतो. ते म्हणाले, "कामशेतला छत्री बांधून डोंगरावरून उडी टाकतात, तेच ना?" नाही, ते पॅराग्लायडिंग. मी म्हणतोय ते विमान. लांबलचक पंख, वर काचेचं झाकण, स्टिक, पेडल, शेपूट, सगळं आहे, इंजिन तेवढं नाही. हडपसरच्या बाजूला राहणाऱ्यांच्या डोक्यावरून ते कधी ना कधी बिनआवाजी गेलेलं असतं आणि बहुतेकांनी मान वर केलेली नसते.

काकांचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. "बिनइंजिनाच्या विमानांची शर्यत कशी लावतात? आणि त्यात माणसं मरतात का?"

पहिल्याचं उत्तर जिलबी येईपर्यंत देऊन झालं. दुसऱ्याचं पंगतीत देता येईना, म्हणून हा धागा.

शर्यत अशी असते. सकाळी ब्रीफिंगला नकाशावर तीन-चार ठिकाणं देतात. त्यांना वळसा घालून परत यायचं, एकूण तीनशे, चारशे, चांगल्या दिवशी पाचशे किलोमीटर. इंजिनवालं छोटं विमान दोरीने ओढून प्रत्येकाला काहीशे मीटर वर नेऊन सोडतं, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. ऊन पडून जमीन तापली की गरम हवेचे खांब वर चढतात, त्याला थर्मल म्हणतात. घारी पंख न हलवता वर जातात त्या याच्यातच. थर्मलमध्ये घिरट्या घालून उंची कमवायची, मग नाक खाली करून ती उंची वेगात खर्चायची, पुढचा थर्मल मिळेपर्यंत. दिवसभर हाच जमाखर्च. दिवसाच्या विजेत्याला जास्तीत जास्त १००० गुण, बाकीच्यांना त्या मानाने. जागतिक स्पर्धा असली तर असं दोन आठवडे चालतं.

आता मृत्यू. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंगचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, तिथे ऑस्ट्रियाचा इग्नात्स श्टीफसोन पंख तुटून गेला. तरी १९४० च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ घ्यायचं ठरलं, सगळ्यांना सारखं हवं म्हणून एक ग्लायडरही निवडून झालं, आणि मग महायुद्ध आलं. युद्धानंतरची पहिली जागतिक स्पर्धा १९४८ साली स्वित्झर्लंडमध्ये सामेडानला झाली, आल्प्सच्या ऐन कुशीत. त्यात ब्रिटनचे दोन वैमानिक गेले, डोनाल्ड ग्रेग आणि किट निकोल्सन. निकोल्सन पेशाने वास्तुविशारद. इंग्लंडात डन्स्टेबलला लंडन ग्लायडिंग क्लबची इमारत अजून उभी आहे, ती त्यानेच काढलेली. म्हणजे आजही तिथे पावसाच्या दिवशी पोरं चहा पीत बसतात ती खोली शर्यतीत मेलेल्या माणसाच्या हातची आहे.

पुढचे दोघे तर या खेळातले देव. हेल्मुट राइशमान, १९७०, १९७४ आणि १९७८ असा तीनदा विश्वविजेता. लांब पल्ल्याचं ग्लायडिंग कसं करावं हे जगातल्या दोन पिढ्या त्याच्याकडून शिकल्या. १९९२ साली फ्रान्सच्या आल्प्समध्ये हवेत टक्कर होऊन गेला. क्लाउस होलिगहाउस, निंबस, सिरस, व्हेंटस, डिस्कस ही ग्लायडर ज्याच्या डोक्यातून निघाली तो, आणि स्वतः कसलेला स्पर्धक. १९९४ साली आल्प्समध्येच गेला.

ही नावं मुद्दाम घेतली. कारण अपघात झाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "नवखा असेल". इथे नवखं कुणीच नाही.

माझं म्हणणं एका शेतावर येऊन थांबतं. समजा तुम्ही चारशे किलोमीटर मारून परत येताय, विमानतळ आठ किलोमीटरवर राहिलाय आणि उंची पुरेल की नाही याची खात्री नाही. खाली कापणी झालेलं गव्हाचं मोठं शेत आहे, उतरायला उत्तम. उतरलात तर अंतराचे गुण मिळतील, वेगाचे सगळे जातील, दिवसाचा निकाल संपला. पुढे गेलात आणि पोचलात तर पहिल्या पाचात. पुढे गेलात आणि नाही पोचलात तर मध्ये जंगल आहे. सहलीला निघालेला माणूस या शेतात डोळे झाकून उतरेल, शेतकऱ्याची माफी मागेल आणि ट्रेलर येईपर्यंत बांधावर बसेल. स्पर्धक तोच, हात तेच, ग्लायडर तेच. पण त्या शेताला आता किंमत लागलीय, दोन-चारशे गुणांची. ही किंमत वैमानिक लावत नाही, नियमपुस्तक लावतं. म्हणून मला वाटतं, ग्लायडिंग शर्यतीतली सुरक्षितता शोधायची तर आधी गुणतक्ता उघडावा.

---

बोलकाबोका (रविवार, रात्री १०:०५)

घाटात पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. एवढ्यासाठी इतका मोठा लेख?

बाकी इंजिन नसलेल्या विमानात स्वतःहून बसायचं आणि मग मेलो म्हणून नवल करायचं, हे आम्हा पामरांना कळत नाही.

---

पंखपसारा (रविवार, रात्री १०:२०)

बोकोबा, पाटी खरीच आहे. पण घाटात लवकर पोचणाऱ्याला कुणी १००० गुण देत नाही.

आणि इंजिन नसणं हा घात करणारा भाग नव्हे. शिकाऊ मुलांना घेऊन उडणारं साधं दोन आसनी ग्लायडरसुद्धा एक मीटर खाली येताना चौतीस मीटर पुढे जातं. शर्यतीतली चांगली ग्लायडर पन्नासच्या वर जातात. हजार मीटरवर असलात आणि हवा शांत असली तर तीस-पस्तीस किलोमीटरच्या टापूतलं प्रत्येक शेत तुमचं. ग्लायडरवाला जन्मभर इंजिन बंद पडलेलंच विमान चालवतो, त्याला त्याची सवय असते.

---

राईनकाठची (सोमवार, पहाटे १:१५)

उशिरा लिहितेय, इकडे आत्ता सवड झाली. मी दहा वर्षं जर्मनीत आहे, सात वर्षं क्लबमध्ये उडते, दोनदा विभागीय स्पर्धेत भाग घेतलाय. दोन्ही वेळा खालून नंबर शोधावा लागला, तेव्हा माझं बोलणं त्याच हिशेबाने घ्या.

पंखपसारा, शेताचं पटलं. पण तुम्ही शेवटापासून सुरुवात केलीत. मला भीती वाटते ती आरंभाची.

आरंभरेषा उघडली म्हणून लगेच कुणी निघत नाही. प्रत्येकाचं घड्याळ तो स्वतः रेषा ओलांडेल तेव्हा चालू होतं. जो आधी जातो तो पुढचे थर्मल शोधून देतो, म्हणजे मागच्यांसाठी वाटा पाडतो. जो दहा मिनिटांनी निघतो त्याला पुढे घिरट्या घालणारी ग्लायडर दिसतात, तो सरळ त्यांच्याकडे जातो आणि वेळ वाचवतो. मग सगळेच थांबतात. लग्नाच्या हॉलमध्ये पहिलं ताट कुणी उचलत नाही, तसं. फक्त इथे थांबायचं ते हवेत, आणि हवेत थांबायला थर्मल लागतो, आणि थर्मल दोन-तीनच चांगले असतात. एका वर्गात तीस-चाळीस ग्लायडर असली तर ती सगळी त्या दोन-तीन खांबांत, एकावर एक, एकाच दिशेने गोल. याला इथे गॅगल म्हणतात.

आत शिरायची शिस्त आहे. पहिला ज्या बाजूला फिरतोय त्याच बाजूला फिरायचं. बाहेरून स्पर्शून शिरायचं, मध्ये मुसंडी मारायची नाही. ज्याला तुम्ही दिसत नाही त्याच्या पोटाखाली राहायचं नाही. हे सगळं सगळ्यांना पाठ असतं.

माझ्या दुसऱ्या स्पर्धेत, स्पर्धेचं आणि गावाचं नाव घेत नाही, मी अशा गॅगलमध्ये होते. डावी घिरटी. माझ्या वर एक, खाली तीन. समोर पलीकडच्या बाजूला एक ग्लायडर होतं, त्याच्याकडे बघत मी माझं वर्तुळ जुळवत होते. तीन-चार सेकंद व्हेरिओमीटरकडे पाहिलं असेल, हवा किती वर नेतेय ते बघायला. मान वर केली तर काचेत आकाश नव्हतं, पांढरं पोट होतं. वरचा खाली आला होता. त्याच्या चाकाच्या दाराच्या फटीत सुकलेल्या गवताची एक काडी अडकली होती, ती वाऱ्याने फडफडत होती. काडी दिसली म्हणजे किती जवळ, ते तुम्हीच ठरवा.

मी स्टिक पुढे ढकलली, उजवीकडे बाहेर पडले आणि रडले. दुसरा थर्मल मिळाला नाही, विमानतळावर उतरून पुन्हा ओढून घ्यावं लागलं, निघायला पाऊण तास उशीर झाला, त्या दिवशी खालून तिसरी. संध्याकाळी त्या गृहस्थांना शोधून काढलं. चांगला माणूस, साठीचा, मला बिअर दिली. त्याने मला पाहिलंच नव्हतं. अजिबात. त्याच्या लेखी त्या दुपारी काही घडलंच नव्हतं.

हे मला जास्त लागलं. ज्याला धोका वाटला तिचे गुण गेले, ज्याला कळलाच नाही तो त्या दिवशी सातवा.

---

मृणाल_स (सोमवार, सकाळी ८:३०)

वाचताना पोटात गोळा आला. एक बाळबोध प्रश्न: विमानांना टक्कर टाळायचं यंत्र असतं ना? ग्लायडरना नसतं का?

---

शून्य_ग (सोमवार, सकाळी ११:५०)

असतं. त्याचं नाव फ्लार्म. मोठ्या विमानांची यंत्रणा ग्लायडरला उपयोगाची नव्हती. वजन, वीज, किंमत सगळंच जास्त, आणि दोन ग्लायडर पन्नास मीटरवर एकत्र फिरत असली तर ती ओरडतच राहणार. स्वित्झर्लंडमध्ये काही ग्लायडिंगवाल्यांनीच २००४ मध्ये वेगळी युक्ती काढली. प्रत्येक डबी जीपीएसवरून स्वतःची जागा काढते, पुढच्या काही सेकंदांत आपण कुठून कसे जाणार याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज रेडिओवरून आसपासच्यांना सांगत राहते. दुसऱ्याचा अंदाज आपल्या अंदाजाला छेद देतोय असं दिसलं की पिप-पिप. घिरटी चालू आहे हे तिला कळतं, त्यामुळे शेजारी आहे एवढ्यावरून बोंब मारत नाही.

आल्प्समध्ये दरीत समोरासमोर येणाऱ्या दोघांसाठी हे वरदानच. पण मर्यादा पाहा. गॅगलमध्ये वीस जण असले की इशारे एकामागून एक येतात आणि डोळा बाहेरून काढून डबीकडे न्यावा लागतो, म्हणजे राईनकाठचीच्या त्या तीन-चार सेकंदांसारखंच.

आणि खरी गंमत पुढे. फ्लार्मवर दूरची ग्लायडरही दिसतात, कोण किती वेगाने वर चढतोय तेही. म्हणजे सुरक्षिततेचं यंत्र हेरगिरीचं झालं. दहा किलोमीटरवरचा प्रतिस्पर्धी पाच मीटर सेकंदाने चढतोय कळलं की चला तिकडे. म्हणून त्यात स्पर्धेसाठी वेगळा मोड काढला, लांबचे दिसत नाहीत, टकरीचा इशारा मात्र मिळतो. त्यावरही दोन तट: एकाचं म्हणणं माहिती झाकणं म्हणजे सुरक्षितता कमी करणं, दुसऱ्याचं म्हणणं माहिती दाखवली तर सगळे एकाच थर्मलकडे धावतील आणि गॅगल आणखी दाटेल. दोघंही बरोबर आहेत, हीच अडचण.

अवांतर: ग्लायडर पांढरीशुभ्र का असतात? सांगाडा फायबरचा, त्यातलं रेझिन उन्हाने तापलं की मऊ पडतं, म्हणून पांढरा रंग. आणि ढगाखाली पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही. उष्णतेपासून वाचवणारा रंगच डोळ्यांना चकवतो.

---

विंचवाले_मास्तर (सोमवार, दुपारी ३:१०)

मुलीने धाग्याची लिंक पाठवली. टंकायला वेळ लागतो, चुकाभूल द्यावीघ्यावी.

मी हडपसरला शिकलो आणि पुढे बरीच वर्षं शिकवलं. आमच्या वेळी रोहिणी होती, आपल्या सिव्हिल एव्हिएशन खात्यातच आरेखन झालेली, १९६१ ची. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, त्यामुळे विद्यार्थ्याचं तोंड दिसायचं आणि तोंडावरून बरंच कळायचं. आपल्या ग्लायडरांची नावं आठवतात का कुणाला? अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. नक्षत्रांच्या क्रमाने. जर्मनांनी ढगांची नावं ठेवली, आम्ही पंचांग उघडलं.

आता मतभेद. पंखपसारा, तुम्ही सगळा दोष गुणतक्त्याला लावता ते मला मान्य नाही. मी एकही शर्यत भरवलेली नाही, तरी माणसं मूर्खपणा करताना खूप पाहिली. विमानतळावर मामेभाऊ बघायला आलाय एवढं कारण पुरतं. कमी उंचीवर शेवटचं वळण घेताना धावपट्टी मागे सुटतेय असं वाटलं की पोरगा पाय देतो. पंख जास्त कलवायची भीती वाटते, जमीन जवळ असते ना. म्हणून पंख तसेच ठेवून पेडलने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक ओढून आणतो. नाक वळतं, पण वाटतं की ग्लायडर खाली चाललंय, म्हणून स्टिक मागे. हे तीन मिळाले की संपलं. आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे हवा त्याला उचलून धरेनाशी होते, ग्लायडर गिरकी घेतं, आणि ती सोडवायला लागते तेवढी उंची खाली उरलेलीच नसते. याला स्पर्धा लागत नाही.

त्यासाठीच काचेवर लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. हवेच्या प्रवाहात तो सरळ मागे उडाला तर ठीक. वळणाच्या आतल्या बाजूला झुकला तर तुझा पाय जास्त पडलाय. मी एवढंच शिकवत असे, "धागा जिकडे, त्याच्या उलट पाय." लाखांच्या विमानातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारं यंत्र.

---

बोलकाबोका (सोमवार, दुपारी ३:२५)

म्हणजे या संकेतस्थळावर पहिल्यांदाच एखादा धागा उपयोगाचा निघाला.

मास्तर, आदाब. लिहीत राहा.

---

शून्य_ग (सोमवार, दुपारी ४:००)

मास्तरांच्या गिरकीला थोडं गणित जोडतो. समजा ग्लायडर सरळ उडताना ताशी ७० किलोमीटरला स्टॉल होतं. ४५ अंश कलून वळताना तोच आकडा ८३ होतो, ६० अंशांना ९९. म्हणजे सरळ जाताना सुखरूप असलेला ८० चा वेग वळणात तुम्हाला खाली टाकतो. शर्यतीत पंखांत पाणी भरलेलं असतं, कधी दोनशे लिटर, जास्त वजनाने जास्त वेगात अंतर कापता येतं म्हणून. पाण्याने हे सगळे आकडे आणखी वर सरकतात. शेवटी पाणी सोडून द्यायचं असतं. सहाव्या तासाला, तहानलेल्या, उन्हाने शिजलेल्या माणसाने ते विसरायचं नसतं.

---

पंखपसारा (सोमवार, रात्री ९:१५)

मास्तर, तुम्ही लिहिलंत याचा आनंद आहे, आणि मूर्खपणाला शर्यत लागत नाही हेही मान्य. पण उलट बाजू बघा. जिथे नियम बदलले तिथे वागणं बदललं.

पूर्वी शर्यतीचा शेवट म्हणजे अंतिम रेषेवरून जमिनीला घासत, ताशी दोनशेच्या वर, मग एकदम वर झेप आणि वळून उतरणं. बघायला भन्नाट. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. उरलेली सगळी उंची वेगात बदलून घेतली तर काही सेकंद वाचायचे, म्हणून सगळे तेच करायचे. मग विमानतळाभोवती वर्तुळ आखून किमान उंची ठरवली, त्याखालून आलात तर गुण कापणार. जमिनीला घासण्यात आता फायदाच उरला नाही. वैमानिक तेच, त्यांची बुद्धी एका हंगामात वाढली नव्हती.

ढगात शिरण्याचंही तसंच. तीसच्या दशकात वादळी ढगात मुद्दाम घुसायचे, आतली वर चढणारी हवा प्रचंड म्हणून. आता जागतिक स्पर्धेत ढगात उडायला बंदी आहे, आणि प्रत्येकाच्या उड्डाणाची जीपीएस नोंद संध्याकाळी तपासली जाते. कोण कुठे, किती उंचीवर, सगळं उघडं.

---

राईनकाठची (सोमवार, रात्री ११:४०)

त्या किमान उंचीच्या वर्तुळाबद्दल थोडं थंड पाणी.

वर्तुळाच्या कडेशी मी स्वतः काय केलं सांगते. उंची पंधरा मीटर कमी पडत होती. बाहेर बघायचं सोडून मी आकड्याकडे बघत बसले, आणि कडेच्या आधी नाक वर ओढून वेगातून पंधरा मीटर काढले. गुण वाचले. पण वर्तुळाच्या आत शिरले तेव्हा वेग उतरलेला, नजर आत, आणि माझ्याच रेषेत तीन दिशांनी आणखी चौघं येत होती, तीही बहुधा आपापल्या आकड्यांकडे बघत. नियमाने एक धोका काढला आणि दुसरा, लहान का होईना, त्या जागी ठेवला.

आरंभाच्या गर्दीवरही तोडगे निघतात. वैमानिकाने आधी बटण दाबून कळवायचं आणि मग ठराविक वेळाच्या खिडकीतच निघायचं, म्हणजे शेवटच्या क्षणी दुसऱ्याच्या शेपटीला धरून जाता येऊ नये. काही ठिकाणी जमतं. काही ठिकाणी लोक त्या खिडकीचाच नवा जुगार करतात. हे सगळे हुशार लोक आहेत हो, अर्धे इंजिनिअर. नियम आला की संध्याकाळी त्याची पळवाट टेबलावर असते.

मला तुमच्या दोघांत मास्तरांकडे थोडं जास्त झुकावंसं वाटतं. इथे क्लबांमध्ये एक जुनं वाक्य फिरतं, ग्लायडिंगमधला सगळ्यात धोक्याचा भाग म्हणजे विमानतळापर्यंतचा गाडीचा प्रवास. नव्या पोरांच्या आयांना हमखास ऐकवतात. जर्मनीचाच विश्वविजेता ब्रूनो गांटेनब्रिंक याने नव्वदच्या दशकात ग्लायडिंगवाल्यांच्या भरसभेत ते मोडून काढलं. गाडीने येताना गेलेला ग्लायडिंगवाला मित्र त्याला एकही आठवत नव्हता. ग्लायडरमध्ये गेलेल्यांची यादी लांब होती. सगळ्यांना ते ठाऊक होतं, बोलायचं कुणी नव्हतं.

माझ्या क्लबात अजूनही ते गाडीचं वाक्य ऐकू येतं. मी आता हसत नाही.

---

पंखपसारा (मंगळवार, सकाळी ७:५०)

पंधरा मीटरचं मला सुचलं नव्हतं. माझ्या मुद्द्याला ते धक्का देतं की बळ, रात्रभर विचार करतोय. तू नाक ओढलंस ते गुणांसाठीच. म्हणजे किंमत लावली की ती कुठेतरी वसूल होणारच. मग किंमत लावूच नये? मग ती शर्यत नव्हे, सहल.

एक मात्र करता येईल. काडी दिसली म्हणून जी बाहेर पडली तिचं नुकसान भरून देता येत नाही, पण ज्याला काही दिसलंच नाही त्याला त्याच संध्याकाळी पडद्यावर दाखवता येतं. नोंदी असतातच. दोन रेषा किती जवळ आल्या ते काढायला आता मिनिटभर पुरतं. गुण कापू नका, नाव घेऊ नका, फक्त बोलावून दाखवा.

---

राईनकाठची (मंगळवार, दुपारी १२:३०)

हे मला चाललं असतं. बिअरपेक्षा नक्कीच.

---

मृणाल_स (मंगळवार, रात्री ८:१०)

आता खरं कारण सांगते, मी हा धागा का वाचतेय. आम्ही म्युनिकपासून तासाभरावर राहतो. मुलगा चौदाचा झाला. इथे चौदाव्या वर्षी ग्लायडर एकट्याने उडवायची परवानगी मिळू शकते, त्याच्या वर्गातले दोघं जातात, आणि यालाही जायचंय. मला त्या क्लबातल्या बाईंनी अगदी हेच गाडीचं वाक्य ऐकवलं. मी निर्धास्त होऊन घरी आले होते. आता काय करू? 'घार हिंडे आकाशी' शाळेत पाठ केलं होतं, पण इथे घार जमिनीवर आणि पिलू आकाशात जायला निघालंय.

---

विंचवाले_मास्तर (मंगळवार, रात्री ९:३०)

ताई, खोटं सांगत नाही, धोका आहे. पण शर्यत आणि शिकणं यांत बरंच अंतर आहे, तुमचा मुलगा शर्यतीपर्यंत पोचायला काही वर्षं जातील.

तुम्ही एकदा दिवसभर तिथे जाऊन बसा. कुणाशी बोलू नका, फक्त बघा. ग्लायडर जोडल्यावर दुसरा माणूस स्टिक धरतो आणि पहिला पंखाचे हलते भाग हाताने दाबून धरतो, खरंच जोडलंय का पाहायला. हे रोज होतं का बघा, घाईच्या दिवशीही होतं का बघा. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढताना केबल तुटली तर काय, असं मुलांना विचारतात का ऐका. उत्तर झोपेतही आलं पाहिजे: आधी नाक खाली, मग वेग बघ, मग केबल सोड, मग ठरव कुठे उतरायचं. आणि एखाद्याने हवा बघून "आज मी उडत नाही" म्हटलं तर बाकीचे त्याची चेष्टा करतात का, ते नक्की बघा. चेष्टा करत असतील तर दुसरा क्लब शोधा.

---

बोलकाबोका (मंगळवार, रात्री ९:४५)

मास्तर, हा शेवटचा निकष मी आमच्या ऑफिसला लावून बघितला. दुसरं ऑफिस शोधतोय.

---

मृणाल_स (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:००)

धागा वर काढतेय. दोन क्लब बघितले. पहिल्यात एका मुलीने वारा आडवा आहे म्हणून नकार दिला, तर दोघं-तिघं हसले. दुसऱ्यात एक आजोबा उडायला निघाले, काच लावली, परत उघडली, म्हणाले काल झोप झाली नाही, आणि उतरून कुत्र्याला फिरवायला गेले. कुणी मानही वळवली नाही. मुलाचं नाव दुसऱ्यात घातलं.

पहिले दोन शनिवार त्याने फक्त पंखाचं टोक धरून पळायचं आणि केबल ओढून आणायचं काम केलं. काल मागच्या खुर्चीत शिक्षक आणि पुढे हा, असं पहिलं उड्डाण. सहा मिनिटं. मी खाली होते, त्यातली चार मिनिटं माझे डोळे मिटलेले होते.

आज सासूबाईंच्या विणकामाच्या पेटीतून लाल लोकर गायब आहे. त्या साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्यात, नातवाचाच स्वेटर घेतलाय करायला. चौकशी केली तर म्हणे क्लबच्या ग्लायडरवरचा धागा उन्हाने विटलाय, विरलाय, शिक्षकांनी नवा आणायला सांगितलाय. मास्तर, एका ग्लायडरला किती लोकर लागते? अख्खा गुंडा नेलाय त्याने.

---

विंचवाले_मास्तर (रविवार, रात्री १०:२०)

वीतभरसुद्धा नको, चार-पाच इंच पुरे. गुंडा परत आणायला सांगा. आणि पुढचं टोक चिकटपट्टीने नीट, काचेच्या बरोबर मधोमध बसवायचं. कडा उचललेली राहिली तर पहिल्याच लाँचला उडून जातो.